दळण मुलाचे, पीठ कंपनीचे

येरवडा असो, ताडीवाला रोड असो, दांडेकर पूल असो की बोपोडी असो. पुण्यातील कोणत्याही वस्तीत पालकांशी चार शब्द बोलायला बसले की आजकाल एक तक्रार हमखास कानावर येते. "भाऊ, पोरगं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल सोडत नाही. बरं, काही नवीन बघतं असंही नाही. तेच ते करत बसतं." धुण्याभांड्याची कामे करून थकून आलेल्या आया हे सांगतात. रिक्षा चालवणारे, महापालिकेच्या झाडण खात्यात असणारे वडील हे सांगतात. या तक्रारीतील 'तेच ते' हे दोन शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

मुलांच्या भाषेत याला 'ग्राइंडिंग' म्हणतात. ग्राइंड म्हणजे दळणे. गंमत अशी की, मराठीतही एकच गोष्ट पुन:पुन्हा करणाऱ्याला 'तेच ते दळण दळतोय' असेच आपण म्हणतो. आणि दळणावरून आपल्याकडे आणखी एक जुनी म्हण आहे : आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आपली मुले आंधळी नाहीत. परंतु ती जे दळतात त्याच्या हिशोबाची वही त्यांना कोणी उघडून दाखवलेली नाही. हे पीठ नेमके कोणाच्या डब्यात जाते, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

हा खेळ असतो तरी कसा?

ज्या पालकांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात खेळणारा एक पात्र निवडतो. योद्धा, धनुर्धारी, जादूगार असे काहीतरी. इंटरनेटवरून हजारो लोक एकाच वेळी त्याच काल्पनिक देशात आपापले पात्र घेऊन फिरत असतात. प्रत्येक पात्राची एक पायरी असते. तिला 'लेव्हल' म्हणतात. एखादा राक्षस मारला, झाड तोडले, मासा पकडला की अनुभवाचे गुण मिळतात. ठराविक गुण साठले की लेव्हल एकाने वाढते. मोठ्या राक्षसाशी लढायला मोठी लेव्हल लागते. म्हणून आधी लहान राक्षस शेकड्यांनी मारायचे. मारलेला राक्षस थोड्या वेळाने त्याच जागी पुन्हा उभा राहतो. तो परत मारायचा. याचेच नाव ग्राइंडिंग.

आपल्या वस्तीतील बहुतेक मुले बंदुकीचे खेळ खेळतात, ते थोडे वेगळे. परंतु त्यांतही आता रँक वाढवणे, रोजची ठरलेली कामे पूर्ण करणे, महिन्याचा 'पास' भरून काढणे हे सारे याच जुन्या खेळांवरून उचललेले आहे. खेळ बदलला तरी जाते तेच आहे.

जाते कोणी बसवले?

लेव्हल आणि अनुभवाचे गुण ही कल्पना संगणकाच्याही आधीची आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मित्रांनी टेबलाभोवती बसून खेळायचा तो खेळ. त्यात पायऱ्या होत्या. पण समोर मित्र बसलेले असत आणि घरी जायची वेळ झाली की खेळ थांबत असे. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांनी मिळून संगणकावर खेळायचा खेळ तयार केला. त्यात चित्रे नव्हती, नुसता मजकूर होता.

खरा बदल झाला तो यात व्यापार शिरल्यावर. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन', १९९८ मध्ये कोरियात 'लिनिएज', १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' असे एकामागून एक खेळ आले. वॉरक्राफ्टसाठी अमेरिकेतील खेळाडूला महिन्याला सुमारे १५ डॉलर भरावे लागत. ऑक्टोबर २०१० मध्ये या एका खेळाचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले होते. आता साधा विचार करा. ज्याचे उत्पन्न महिन्याच्या वर्गणीवर आहे त्याला खेळ लवकर संपलेला परवडेल का? कथा-कादंबरी लिहायला वेळ लागतो, नवा प्रदेश रेखाटायला पैसे लागतात. पण तोच राक्षस पाचशे वेळा मारायला लावणे याला कंपनीचा काहीच खर्च येत नाही. ग्राइंडिंगचे मूळ येथे आहे.

पुण्यात हे वारे प्रथम सायबर कॅफेतून आले. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यावर 'रॅग्नारॉक ऑनलाइन' हा कोरियन खेळ भारतात अधिकृतपणे सुरू झाला. त्या वेळी तासाला पंधरा-वीस रुपये मोजून कॉलेजची मुले कॅफेत बसत. पैसे संपले की उठावे लागे. गरिबाच्या मुलाला तर तिकडे फिरकणेही परवडत नसे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि दहा बाय दहाच्या खोलीत, पांघरुणाखाली, हे जाते येऊन बसले. पूर्वी खिसा रिकामा झाला की खेळ थांबायचा. आता तो थांबवणारे काहीच उरले नाही.

पायऱ्यांचा हिशोब

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. त्यामुळे आकडे पाहिल्याशिवाय माझे समाधान होत नाही. इंग्लंडमधील केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा 'रूनस्केप' हा खेळ २००१ पासून चालू आहे आणि त्यातील गुणांचा तक्ता सर्वांना ठाऊक आहे. तो उदाहरणादाखल घेऊ.

यात झाड तोडण्याचे एक कौशल्य आहे. पहिल्या लेव्हलवरून दुसऱ्या लेव्हलवर जायला ८३ गुण लागतात. साध्या झाडाचा एक ओंडका तोडला की २५ गुण मिळतात. म्हणजे चार ओंडके तोडले की काम झाले. मुलगा खूष होतो. दहाव्या लेव्हलला एकूण १,१५४ गुण लागतात. तेही अवघड नाही. पन्नासाव्या लेव्हलला १,०१,३३३. आणि ९९ व्या लेव्हलला एकूण १,३०,३४,४३१.

यातील मेख अशी की ९२ व्या लेव्हलला लागणारे गुण आहेत ६५,१७,२५३. म्हणजे ९९ च्या जवळजवळ निम्मे. ९२ वर पोहोचलेला मुलगा म्हणतो, "आता सातच राहिल्या." प्रत्यक्षात त्याचा अर्धा रस्ता अजून बाकी असतो. दर लेव्हलला सुमारे दहा टक्के जास्त आणि दर सात लेव्हलला दुप्पट, असा हा चढ आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराचे चक्रवाढ व्याज पाहिलेले आहे. हा त्यातलाच प्रकार. एका लेव्हलसाठी, ९८ वरून ९९ वर जायला, १२,२८,८२५ गुण हवेत. 'यू' नावाच्या मोठ्या झाडाच्या एका ओंडक्याला १७५ गुण मिळतात. भागाकार करून पाहा : सात हजारांवर ओंडके. त्याच झाडापाशी, त्याच कुऱ्हाडीने.

एवढ्याने भागले असते तर मुले कधीच कंटाळली असती. म्हणून त्यात नशिबाचा भाग मिसळलेला असतो. याच खेळात एक राक्षस मारल्यावर एक मौल्यवान चाबूक मिळण्याची शक्यता ५१२ मध्ये एक इतकी आहे. मुलगा धरून चालतो की ५१२ वेळा मारला की चाबूक मिळणारच. गणित तसे सांगत नाही. ५१२ वेळा मारूनही शंभरातील सुमारे ३७ जणांच्या हाती काहीच लागत नाही. पण "पुढच्या फटक्याला मिळेल" ही आशा माणसाला जागेवरून उठू देत नाही. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हे विसाव्या शतकातच दाखवले होते. दाणा दर वेळी मिळाला तर कबुतर पोट भरल्यावर थांबते. कधी मिळतो कधी नाही असे झाले की ते चोच मारतच राहते. मटक्याच्या अड्ड्याने ज्यांचे संसार धुळीला मिळाले त्यांना हे कबुतर वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरी युक्ती वेळेची. २०२० मध्ये आलेल्या 'गेन्शिन इम्पॅक्ट' या खेळात बक्षिसे घेण्यासाठी एक प्रकारची शक्ती लागते. ती दर आठ मिनिटांनी एक अशी भरत जाते आणि २०० झाली की भरणे थांबते. म्हणजे साधारण २६ तास ४० मिनिटांनी ती भरते आणि त्यानंतरचा वेळ वाया जातो. परिणाम काय? मुलाने रोज एकदा तरी हजेरी लावलीच पाहिजे. परीक्षा असो, घरात लग्न असो, दवाखान्यात कोणी असो. कारखान्याच्या मस्टरवर सही चुकली तर खाडा पडतो, तसा येथेही खाडा पडतो. फरक एवढाच की कारखाना पगार देतो.

मुलाला त्यात मिळते काय?

येथपर्यंत वाचून काही पालक म्हणतील, "म्हणजे आमचं पोरगं वेडंच म्हणायचं." तसे नाही. हाच भाग आपण नीट समजून घेतला पाहिजे. नाहीतर मुलाशी बोलताच येणार नाही.

बाहेरच्या जगात आपल्या मुलाला काय अनुभव येतो? मेहनत केली तरी गुण मिळतीलच असे नाही. गुण मिळाले तरी प्रवेश मिळेलच असे नाही. प्रवेश मिळाला तर फी नाही. नोकरीच्या मुलाखतीत नाव विचारले की लगेच आडनाव विचारतात, आणि आडनाव कळले की पत्ता विचारतात. वशिला कोणाचा ते विचारतात. खेळात हे काही नाही. तेथे त्याने स्वत:च घेतलेले नाव असते. कोणी जात विचारत नाही, कोणी वस्ती विचारत नाही. शंभर घाव घातले की शंभर घावांचे गुण जमा होतात. एकही कमी होत नाही. वर जाणारी पट्टी डोळ्यांसमोर दिसते. वॉरक्राफ्टसारख्या खेळात पूर्वी एकेका मोठ्या राक्षसासाठी चाळीस-चाळीस खेळाडू एकत्र येत. त्यात प्रत्येकाला नेमून दिलेले काम असे आणि ज्याचे काम चोख त्याला मान असे. असा मान वस्तीतल्या मुलाला बाहेर किती ठिकाणी मिळतो?

आमच्या वस्तीतील अकरावीचा एक मुलगा मला म्हणाला, "काका, इथं केलेलं कुणी खात नाही." हे वाक्य मी विसरू शकलो नाही. कामाचा न्याय्य मोबदला मिळावा ही त्याची भूक खरी आहे, आणि ती भूक चांगली आहे. ज्या मुलाला आपण आळशी म्हणतो तो रात्री तीन तास न कंटाळता एकच काम करतो. तो आळशी असूच शकत नाही. म्हणून आळशी, नालायक असे शब्द वापरून पालकांनी सुरुवातच करू नये. 'केलेले कोणी खात नाही' हे त्याचे म्हणणे खरे आहे का, एवढेच त्याच्याबरोबर बसून तपासावे.

मालमत्ता कोणाच्या नावावर?

हिशोबाच्या पुस्तकात घसारा नावाची एक नोंद असते. यंत्र घेतले की दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी करून दाखवायची. मुलाच्या लेव्हलला घसारा किती, ते पाहा.

वॉरक्राफ्टमध्ये २००४ साली सर्वांत वरची लेव्हल ६० होती. लोकांनी दळून दळून ती गाठली. २००७ मध्ये कंपनीने ती ७० केली, २००८ मध्ये ८०, २०१० मध्ये ८५, २०१२ मध्ये ९०, २०१४ मध्ये १००, २०१६ मध्ये ११० आणि २०१८ मध्ये १२०. दर वेळी आधीची हत्यारे फिकी पडली आणि नवे दळण सुरू झाले. मग २०२० मध्ये काय झाले? कंपनीने ठरवले की आकडे फार फुगले. १२० वर असलेल्या पात्रांना एका फटक्यात ५० वर आणले आणि वरची मर्यादा पुन्हा ६० केली. सोळा वर्षांनंतर गाडी जेथून निघाली तेथेच परत आली.

याच खेळाचे चीनमध्ये आणखी विपरीत झाले. अमेरिकन मालक आणि चिनी वितरक यांचा करार फिसकटला आणि जानेवारी २०२३ मध्ये तेथील सर्व्हर बंद झाले. चीनमधील खेळाडूंची वर्षानुवर्षांची पात्रे कुलुपात गेली. पुढे २०२४ मध्ये नवा करार होऊन खेळ परत सुरू झाला. पण मधल्या काळात खेळाडूच्या हातात काहीही नव्हते. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाईलसह ११८ ॲपवर बंदी घातली तेव्हा असेच झाले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. मुद्दा एवढाच की ज्याची मालकी दुसऱ्याकडे आहे, ते एका सहीने जाऊ शकते.

मुलगा 'माझी आयडी' म्हणतो. पण खेळ सुरू करताना 'मान्य आहे' यावर बोट ठेवले जाते, त्या कोणी न वाचलेल्या अटींत बहुधा लिहिलेले असते की खाते कंपनीचे आहे आणि खेळणाऱ्याला फक्त वापरण्याची परवानगी आहे. भाड्याच्या खोलीला स्वखर्चाने फरशी बसवण्यासारखे हे आहे. फरशी सुंदर असेल, श्रम खरे असतील. पण खोली घरमालकाची.

ज्यांनी दळण विकले

"पण काका, आयडी विकून पैसे मिळतात की!" असे मुले सांगतात. याचाही अनुभव जगाने घेतलेला आहे.

ज्यांच्याकडे पैसा आहे पण दळायला वेळ नाही, ते दुसऱ्याकडून खेळातील सोन्याची नाणी विकत घेतात. त्यासाठी चीनमध्ये अक्षरश: कारखाने निघाले. जून २००७ मध्ये ज्युलियन डिबेल या पत्रकाराने न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत नानजिंग शहरातील अशा एका जागेचे वर्णन लिहिले. कामगार रोज रात्री बारा तास तेच राक्षस मारत. महिन्यात दोन-तीन रात्रीच सुटी. शंभर नाण्यांमागे कामगाराला सुमारे सव्वा डॉलर मिळे, मालक तीच नाणी तीन किंवा अधिक डॉलरला पुढे विकत असे आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला ती वीस डॉलरपर्यंत पडत. कामगाराची मजुरी तासाला ३० सेंट, म्हणजे त्या वेळच्या भावाने बारा रुपये. जागतिक बँकेच्या २०११ च्या एका अहवालात असा अंदाज होता की २००९ साली या धंद्याची जगभरची उलाढाल ३०० कोटी डॉलर होती. उलाढाल एवढी मोठी आणि दळणाऱ्याच्या हाती मजुरी ती!

त्याच वर्षी लंडनच्या गार्डियन दैनिकाने चीनमधील एका श्रम-छावणीतील माजी कैद्याची हकिगत छापली. दिवसा खाणीत काम आणि रात्री पहारेकऱ्यांच्या फायद्यासाठी खेळातील नाणी दळायची. ठरलेले काम पुरे झाले नाही तर मार, असे त्याने सांगितले होते. आपला मुलगा जे हौसेने करतो तेच कैद्याकडून शिक्षा म्हणून करून घेतले जात होते. यावरून त्या कामाचा मूळ स्वभाव ध्यानात यावा.

अलीकडचे उदाहरण फिलिपाइन्सचे. २०२१ मध्ये कोरोनाने रोजगार गेला तेव्हा 'ॲक्सी इन्फिनिटी' या खेळावर तेथील हजारो गरीब कुटुंबे जगू लागली. खेळायला आधी तीन प्राणी विकत घ्यावे लागत. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते ते 'मॅनेजर'कडून प्राणी उसने घेत आणि कमाईतला वाटा त्याला देत. थोडक्यात, बटाईची शेती. जुलै २०२१ मध्ये त्या खेळातील नाण्याचा भाव ४० सेंटच्या आसपास गेला होता. २०२२ मध्ये तो एका सेंटच्याही खाली आला. त्याच वर्षी मार्चमध्ये चोरांनी त्याच्या यंत्रणेतून ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम लांबवली. कर्ज काढून प्राणी घेणारे बसले हात चोळत.

आयडी विकण्याच्या बाबतीत पालकांनी एक ध्यानात ठेवावे. बहुतेक कंपन्यांच्या नियमात हा व्यवहार बसत नाही. त्यामुळे फसवणूक झाली तर कंपनीकडे दाद मागता येत नाही. अनोळखी माणसाने 'आधी ओटीपी सांग' म्हटले की तेथेच थांबायचे, हे मुलांच्या मनावर बिंबवले पाहिजे.

बटण दळते, माणूस बघतो

कोरियात डिसेंबर २०१६ मध्ये 'लिनिएज टू : रेव्होल्यूशन' हा मोबाईलवरचा खेळ आला. त्यात 'ऑटो' नावाचे बटण होते. ते दाबले की पात्र आपोआप राक्षस मारते, खेळणाऱ्याने बघत बसायचे. आता असे बटण कितीतरी खेळांत आहे. मुलाला एकच प्रश्न विचारावा : "बाळा, जे काम एक बटण करू शकतं, ते करून तुला काय येऊ लागलं?" रागाने विचारू नये. उत्तर त्याचे त्याला शोधू द्यावे.

पुन:पुन्हा करणे वाईट नाही

याचा अर्थ एकच काम हजारदा करणे वाईट, असा मुळीच नाही. पुण्याच्या तालमीत पैलवान रोज शेकड्यांनी जोर-बैठका मारतो. औंधच्या आय.टी.आय.मध्ये फिटरच्या मुलाला सुरुवातीला लोखंडाचा तुकडा कानसीने घासत ठेवतात. दिवसेंदिवस घासायचा, गुण्याने तपासायचा, परत घासायचा. मी टायपिंग शिकलो तेव्हा महिनाभर 'एएसडीएफ' सोडून दुसरे काही बडवले नव्हते. हेही दळणच. पण पैलवानाचे बळ त्याच्या अंगात राहते. फिटरची नजर त्याच्या हातात राहते. टायपिंगचा वेग बोटांत राहतो. कोणतीही कंपनी एका रात्रीत ४० चा वेग २० वर आणू शकत नाही.

खुद्द खेळांच्या धंद्यातही हाच फरक आहे, आणि त्यासाठी पुण्याबाहेर जायला नको. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेतला. तेथे खेळ तपासण्याचे काम झाले. तपासनीस एकच दार शंभर वेळा उघडून पाहतो, कोठे अडकते ते लिहून काढतो, दुरुस्तीनंतर परत तपासतो. 'इंडस' हा देशी खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आला, तोही पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने बनवला. म्हणजे याच शहरात कोणी दळण्याचा पगार घेतो, कोणी जाते बनवतो आणि कोणी फुकट दळतो. आपला मुलगा कोठे बसावा, हे त्याने ठरवायचे आहे. चित्रकला, संगणकाची भाषा, गणित हे शिकलेला मुलगा जाते बनवणाऱ्यांत जाऊ शकतो. फक्त दळलेला मुलगा जाऊ शकत नाही.

पालकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, मोबाईल हिसकावून घेऊ नये. अनेकांच्या खेळात मध्येच उठले तर बरोबरच्यांचे नुकसान होते आणि मुलाची इज्जत जाते. "किती वेळात संपेल?" असे विचारून तेवढा वेळ द्यावा आणि त्यानंतर मात्र शब्द पाळायला लावावा.

दुसरी, वही घालावी. शंभर पानी वहीत मुलाने स्वत:च्या हाताने रोज किती तास खेळला ते लिहावे. रोजचे तीन तास म्हणजे वर्षाचे १,०९५ तास. आठ तासांच्या पाळीने १३७ पाळ्या. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर पाच महिन्यांची पूर्ण नोकरी. हा आकडा आपण सुनावण्यापेक्षा त्याने स्वत: गुणाकार करून काढला तर त्याचा परिणाम वेगळा होतो.

तिसरी, पैशाची वाट बंद ठेवावी. आईच्या किंवा वडिलांच्या यूपीआयचा आकडा मुलाला माहीत नसावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. वेळ लावून लेव्हल जिंकण्याचा खेळ त्यात येत नाही. तेथे राखण घरच्यांनीच करायची आहे. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना आठवड्याला जेमतेम तीन तास ठरवून दिले. कोरियाने २०११ मध्ये मध्यरात्रीनंतर मुलांना बंदी घातली आणि दहा वर्षांनी ती मागे घेतली. कायद्याने सगळे होत नाही, हा त्याचा धडा.

चौथी, झोप आणि जेवण यांवर नजर ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार म्हणून मान्य केला. खेळणारे बहुतेक लोक आजारी नसतात. परंतु खेळावर ताबा राहिलेला नाही, बाकी सर्व गोष्टी मागे पडल्या, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे सुमारे वर्षभर चालू आहे, अशी लक्षणे असतील तर अंगारे-धुपारे आणि मारहाण न करता सल्ला घ्यावा. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. पुण्यातच १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही आहे.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुलाला दिसेल अशी दुसरी पट्टी द्यावी. खेळ त्याला धरून ठेवतो तो वर जाणाऱ्या पट्टीमुळे. घरात, विहारातील अभ्यासिकेत, मंडळात अशी पट्टी कोठे आहे? टायपिंगचा वेग भिंतीवरच्या कागदावर दर आठवड्याला लिहा. सोडवलेल्या प्रश्नपत्रिका मोजा. मुलाने घरचे नळाचे काम केले, आजीला दवाखान्यात नेले, तर चारचौघांत त्याचे नाव घ्या. 'केलेले कोणी खात नाही' हा विश्वास त्याला मोबाईलबाहेर मिळाला पाहिजे, आणि तो देण्याची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.

मेहनत करणे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही. ते त्यांनी आई-बापांना पाहून आत्मसात केलेले आहे. आपण पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जात्यावर दळले. पीठ दुसऱ्याने नेले. आपल्या मुलांनी दळावे, अवश्य दळावे; मात्र पीठ कोणाच्या डब्यात पडते हे पाहून दळावे.